पाणी गेले कोठे?

वाटेत मोटार तापून उभी राहिली, बॉनेटखालून वाफ येऊ लागली, की भोवती जमलेल्या मंडळींच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो असा : "ड्रायव्हरने पाणी पाहिले नव्हते काय?" दुसराही एक प्रश्न विचारता येतो : "पाणी गेले कोठे?" दोन्ही प्रश्न वरवर सारखेच वाटतात. परंतु पहिला प्रश्न माणूस शोधतो आणि दुसरा कारण शोधतो. माझे आयुष्य कामगारांच्या संघटनेत गेले. कारखान्याच्या फाटकावर, चौकशीच्या टेबलासमोर आणि गॅरेजातल्या बाकावर बसून जे शिकलो तेवढीच माझी विद्या. त्या विद्येच्या आधाराने या दुसऱ्या प्रश्नाचा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे. मोटारीच्या पाण्यासारखा विषय व्याख्यानाला कशाला, अशी शंका कोणी घेईल. माझे उत्तर एवढेच की, यंत्राचा दोष आपण कसा शोधतो यावर त्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाचा न्याय अवलंबून असतो.

प्रथम यंत्राला पाणी लागते कशाला ते पाहू. पेट्रोल जळून जी उष्णता होते तिचा जेमतेम चौथा हिस्सा जुन्या मोटारीत चाकांपर्यंत पोचतो. उरलेल्यातला बराचसा भाग सायलेन्सरवाटे जातो आणि जवळजवळ एक तृतीयांश भाग इंजिनाच्या लोखंडात शिरतो. तो तेथून काढला नाही तर पिस्टन फुगून सिलिंडरात अडकेल. ही उष्णता वाहून नेण्याचे हमालीचे काम पाण्याकडे दिलेले असते. पाणी इंजिनाच्या अंगातून फिरते, तापते, रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून उतरताना वाऱ्याला उष्णता देऊन टाकते आणि पुन्हा कामावर रुजू होते. हा फेरा जेथे तुटतो तेथे गाडी तापते.

हा फेरा मात्र प्रथमपासून नव्हता. कार्ल बेन्झने १८८६ साली जर्मनीत आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले. तिच्यातले पाणी उकळून वाफ होऊन जावे, अशीच योजना होती. त्याची पत्नी बर्था १८८८ च्या ऑगस्टमध्ये दोन मुलांना बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला त्या गाडीने गेली. सुमारे १०६ किलोमीटरांचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांबचा प्रवास मानला जातो. वाटेत ठिकठिकाणी थांबून गाडीत पाणी भरावे लागले. तेव्हा पाणी जाणे हा कोणाचाच दोष नव्हता. बैलाला जसे वाटेत पाणी पाजावे तसे यंत्राला पाजायचे, हीच रीत होती.

पुढे १९०१ च्या सुमारास माइबाख या अभियंत्याने मर्सिडीज गाडीसाठी मधाच्या पोळ्यासारखा, हजारो लहान नळ्यांचा रेडिएटर बनविला. तेच ते पाणी पुन्हा पुन्हा वापरणे आता चांगले साधू लागले. अमेरिकेत १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या 'मॉडेल टी'मध्ये, अगदी पहिल्या थोड्या गाड्या सोडल्या, तर पाण्याचा पंपच नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते आणि थंड पाणी त्याच्या जागी खालून येते, एवढ्याच निसर्गनियमावर ती गाडी जगभर धावली. त्यानंतर पंप आला, पट्ट्यावर फिरणारा पंखा आला, पाणी पुरेसे तापल्याशिवाय रेडिएटरची वाट न उघडणारा थर्मोस्टॅट आला, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दाब धरून ठेवणारे झाकण रुळले.

आपल्या शहराला नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याचे नवल वाटण्याचे कारण नाही. मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणात नहर-ए-अंबरी बांधली. डोंगराच्या पोटातले पाणी उतारावरून शहरात आणताना वाटेत उंच बंबे उभारले. नळात कोंडलेल्या हवेला वाट दिली नाही तर ती हवा पाण्याचीच वाट अडविते, हे त्या कारागिरांना ठाऊक होते. मोटारीतही हेच घडते. रिकामा रेडिएटर घाईघाईने भरला तर इंजिनाच्या वरच्या भागात हवा कोंडते. वर पाणी काठोकाठ दिसते आणि आत लोखंड कोरडे तापत असते. म्हणून जुना मिस्त्री पाणी हळूहळू ओततो, इंजिन थोडा वेळ झाकण उघडे ठेवून चालवितो, बुडबुडे निघून गेले की पुन्हा पाणी घालतो. पाणचक्की पाहायला येणाऱ्या प्रत्येकाने हा धडा डोळ्यांनी पाहिलेला आहे.

मराठवाड्यात मोटारीचे पाणी प्रथम ओळखले ते बसच्या ड्रायव्हर-क्लीनरांनी. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याने १९३२ साली २७ गाड्या आणि १६६ नोकर यांच्यासह बससेवा सुरू केली. मुंबई राज्यातील एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला गेली. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६१ साली मराठवाड्याची बससेवा राज्याच्या एस.टी. महामंडळात आली. चिकलठाण्याला महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा उभी राहिली आणि आपल्या भागातील किती तरी मुले तेथे पाना धरायला शिकली. गारखेडा हे एके काळी शहराबाहेरचे खेडे. चिकलठाण्याची वसाहत आणि १९८५ पासून वाळूजला सुरू झालेला दुचाकी-तिचाकीचा कारखाना, यांच्याकडे जाणाऱ्या कामगारांनी या खेड्याचे शहर केले. म्हणून हा विषय येथे बोलताना मला परकेपणा वाटत नाही.

त्या जुन्या गाड्यांच्या काळात घाट चढण्यापूर्वी पाणी पाहणे, घाट चढून आल्यावर गाडी निववणे, हे क्लीनरचे काम असे. चाळीसगावकडून कन्नडकडे येताना औट्रम घाटात पाण्याचा डबा जवळ नसणे म्हणजे संकटच. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडताना हात आणि तोंड भाजलेली माणसे माझ्या पिढीने पाहिली आहेत. झाकणाने पाण्यावर दाब धरलेला असतो, म्हणून पाणी न उकळता अधिक तापू शकते. अर्ध्या वातावरणाएवढा जादा दाब धरला तर उत्कलनबिंदू शंभरावरून सुमारे १११ अंशांपर्यंत चढतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. येथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या जवळपासच उकळते. म्हणजे जे झाकण आपण चारआठ आण्यांची वस्तू समजतो, तेच गाडीला सुमारे बारा अंशांची सवलत देत असते. ते एकाएकी उघडले की दाब जातो, आणि जे पाणी एवढा वेळ शांत होते ते एका क्षणात वाफ होऊन अंगावर येते. म्हणून गाडी निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये. हा नियम कित्येकांनी भाजून घेऊन शिकला. तो ऐकून शिकता येतो.

अशा काळात कुर्ल्याची फियाट आली. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. १९५४ पासून तिने फियाट ११०० ही गाडी आणली. त्या गोलसर पाठीच्या गाडीला मुंबईकरांनी 'डुक्कर फियाट' म्हटले. पुढे १९६४ मध्ये 'डिलाइट' आली आणि १९७४ मध्ये तिच्याच वंशातल्या गाडीचे नाव 'पद्मिनी' झाले. १०८९ घनसेंटिमीटरचे ते चार सिलिंडरांचे लहानसे इंजिन, काळ्या-पिवळ्या टॅक्सीत बसून, लाखो कुटुंबांची चूल पेटवीत राहिले. टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा पडली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. आता या गाड्या उरल्या त्या हौशी मालकांच्या अंगणात आणि लग्नाच्या वरातीत.

या इंजिनाची एक रचना लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याचा खालचा ब्लॉक बिडाचा आणि वरचे हेड ॲल्युमिनियमचे. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट पसरते. या दोन वेगळ्या स्वभावांच्या धातूंमध्ये समेट राखण्याचे काम एका पातळ चकतीकडे असते. तिला हेड गॅस्केट म्हणतात. एकीकडे सिलिंडरातला जाळ, दुसरीकडे पाणी, तिसरीकडे तेल, आणि मध्ये ही चकती. गाडी फार तापली की हेड वाकते आणि गॅस्केट फुटते. तापलेल्या गाडीत एकदम थंड पाणी ओतले तर हेडला तडाही जातो.

आता अशी एखादी गाडी आपल्या दारात आली आणि रोज पाणी कमी होते अशी तक्रार असली, तर चौकशी कशी करावी? पाण्याला बाहेर पडायच्या वाटा मोजक्या आहेत. एक जमिनीवर, दुसरी वाफेच्या रूपाने हवेत, तिसरी सिलिंडरात आणि चौथी तेलात. पाचवीही एक शक्यता आहे, आणि ती मी प्रथम सांगतो. कारण तिच्यापायी किती तरी चांगली इंजिने विनाकारण खोलली गेली.

पाचवी शक्यता अशी की, पाणी वास्तविक जातच नाही. थंड पाणी तापून उकळीच्या जवळ आले की शेकडा साडेतीन ते चार या प्रमाणात फुगते. सहा लिटर पाणी असेल तर एक पेलाभर पाण्याला जागा कमी पडते. ज्या जुन्या गाडीत सांडलेले पाणी धरायला बाहेरची बाटली नसते, ती हे जादा पाणी नळीवाटे रस्त्यावर टाकते. सकाळी मालक झाकण उघडतो, पाणी दोन बोटे खाली दिसते, तो पुन्हा काठोकाठ भरतो. गाडी पुन्हा पेलाभर टाकते. गळती नसताना महिनोन्‌महिने गळती दिसत राहते. म्हणून पहिला नियम हा : गाडी थंड असताना पाण्याची पातळी पाहावी, खूण करावी आणि नळ्यांची तोंडे पाण्यात बुडालेली असतील तर दोन-तीन दिवस, रोज पाहत राहून, पाणी घालू नये. पातळी एका ठिकाणी येऊन थांबली तर गाडी निर्दोष आहे. ती उतरतच राहिली तर मात्र पुढची चौकशी.

त्यानंतर जमिनीची साक्ष घ्यावी. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा अंथरावा. सकाळी डाग कोठे पडला आहे त्यावरून वरची जागा सापडते. समोर असेल तर रेडिएटर किंवा त्याच्या रबरी नळ्या, पंख्यामागे असेल तर पाण्याचा पंप. पंपाच्या पोटाशी मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेले असते. आतले सील झिजले की तेथून थेंब येतो. अडाणी माणूस ते भोक बुजवितो, जाणता माणूस पंप बदलतो. इंजिनाच्या बाजूला ठोकून बसविलेल्या पत्र्याच्या टोप्याही गंजून पाझरतात. कधी थेंब जमिनीपर्यंत पोचतच नाही, गरम लोखंडावर पडून सुकतो. तेथे पांढरा किंवा तांबूस डाग उरतो. तो डाग म्हणजे पाण्याची सही. एवढ्यानेही काही दिसले नाही तर रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावून, थंड गाडीतच, झाकण जेवढा दाब धरते तेवढा दाब द्यावा. काटा खाली येऊ लागला की कोठे तरी वाट आहे, हे नक्की.

जमीन कोरडी, बाहेरून सर्व ठीक आणि तरी पाणी जाते, तेव्हा झाकणाकडे पाहावे. त्याची स्प्रिंग मऊ पडली, रबर चिरले, की दाब राहत नाही आणि पाणी वाफ होऊन जाते. पट्टा सैल आहे काय, पंखा फिरतो काय, रेडिएटरचा काही भाग गरम आणि काही भाग गार लागतो काय, हेही पाहावे. गार भागातल्या नळ्या चोंदलेल्या असतात. येथे आपल्या मुलखाचा विशेष दोष येतो. दख्खनच्या काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी बहुधा जड. चहाच्या भांड्याला जो पांढरा थर बसतो तोच इंजिनाच्या पोटात बसतो. चुन्याचा तो थर उष्णतेला अडवितो, आणि इंजिन पाण्यात असून तापते. रोज विहिरीचे नवे पाणी भरणे म्हणजे रोज थोडा चुना भरणे. शुद्ध केलेले पाणी आणि कूलंट यांचे मिश्रण वापरले तर हा थर टळतो, गंजही टळतो. मात्र कूलंटमधले ग्लायकोल चवीला गोड आणि विषारी असते. ते गल्लीत ओतू नये. कुत्री, गुरे ते चाटतात.

आता शेवटच्या दोन वाटा. तेलाची कांडी काढून पाहावी. तेल ताकासारखे पांढुरके झाले असेल तर पाणी त्यात शिरले. थोड्याच अंतरासाठी चालणाऱ्या गाडीत तेलाच्या झाकणाखाली नुसत्या दमटपणानेही पांढरा साका धरतो, म्हणून एका झाकणावरून निकाल देऊ नये. पाणी सिलिंडरात जात असेल तर इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरी वाफ येत राहते. गार गाडी सुरू करताच वरची रबरी नळी दाबून पाहावी. पाणी तापण्यापूर्वीच ती टणक झाली, रेडिएटरात अखंड बुडबुडे येऊ लागले, तर सिलिंडरातला वायू पाण्यात घुसत आहे. चारही प्लग काढून ओळीने मांडावेत. तिघांवर नेहमीची काजळी आणि चौथा धुतल्यासारखा स्वच्छ दिसला, तर त्या सिलिंडरात रोज वाफेची आंघोळ चालली आहे. मग कॉम्प्रेशन मोजावे, आणि सर्वांत शेवटी हेड खोलावे. ज्या तपासाने काही मोडत नाही तो आधी आणि ज्याने काही उघडावे लागते तो शेवटी, हा क्रम मोडू नये.

या क्रमाचे मोल मला एका प्रकरणात कळले. आमच्या जिल्ह्यातील एका मालकाकडे लग्नसराईत भाड्याने जाणारी जुनी फियाट होती. घाटात ती तापली आणि गॅस्केट गेले. ड्रायव्हरने गाडी तापविली असा ठपका ठेवून दुरुस्तीचा खर्च त्याच्या पगारातून हप्त्यांनी कापण्यास सुरुवात झाली. ड्रायव्हर म्हणे, पंधरा दिवस मी रोज पाणी घालीत होतो. गाडी तापून गॅस्केट गेले नाही, गॅस्केट जात होते म्हणून गाडी तापली. कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा वाद. सुदैवाने जुने गॅस्केट गॅरेजामागे पडलेले होते. मिस्त्रीने ते पुसून मालकापुढे ठेवले. पाण्याचे भोक आणि सिलिंडर यांच्यामधली पट्टी गंजाने खाल्लेली होती. गंज एका दुपारी धरत नाही. त्याच सिलिंडराचा प्लग धुतलेला निघाला, आणि रेडिएटरच्या नळ्यांत विहिरीचा चुना. मालक मनाने वाईट नव्हता. त्याने आजवर फक्त पहिला प्रश्न विचारला होता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांसमोर आल्यावर कापलेली रक्कम परत मिळाली.

सर्वांचे नशीब असे नसते. पुष्कळदा जुना भाग भंगारात जातो आणि त्याच्याबरोबर कामगाराचा साक्षीदारही जातो. म्हणून कायद्याने घातलेली मर्यादा महत्त्वाची. ना. म. जोशी सदस्य असलेल्या कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ साली अहवाल दिला. दंड आणि पगारकपात यांवर निर्बंध असावेत, असे त्यात सुचविले होते. त्यातून १९३६ चा वेतन अदायगीचा कायदा झाला. कामगाराच्या हवाली केलेल्या वस्तूचे नुकसान झाले तरी ते थेट त्याच्याच हयगयीने झाले असले पाहिजे, कपात नुकसानीहून जास्त नसावी, आणि आपली बाजू मांडण्याची संधी त्याला आधी मिळाली पाहिजे, असे तो कायदा सांगत आला. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम ठेवले आहे. 'थेट त्याच्या हयगयीने' हे शब्द कायद्याच्या पुस्तकात सोपे दिसतात. गाडीच्या बाबतीत ते सिद्ध करायचे तर पुठ्ठा, प्लग, गॅस्केट आणि पाण्याची नोंद एवढेच पुरावे असतात.

म्हणून आमच्या संघटनेत आम्ही ड्रायव्हरांना एक साधी गोष्ट सांगतो. गाडीच्या वहीत पेट्रोल लिहिता तसे पाणीही लिहा : तारीख, किलोमीटर, गाडी थंड होती की गरम, किती लिटर घातले. पंधरा दिवसांची अशी वही पुढे असली की पाणी हळूहळू जात होते की एका दिवशी गेले, हे कोणालाही वाचता येते. हयगय ड्रायव्हरचीच असेल तर वही तेही सांगेल. तापाचा काटा वर चढलेला दिसत असता गाडी दामटणारा माणूस निर्दोष नव्हे. संघटनेने खोट्याची बाजू घेऊ नये, पण चौकशीशिवाय कोणाला खोटा ठरवू देऊ नये.

काळ बदलला. २००१ साली शेंद्र्याला परदेशी नावाच्या मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. नव्या गाडीत पाण्याचा फेरा बंदिस्त असतो, बाटलीवर कमी-जास्तीच्या खुणा असतात, दोष सांगायला संगणकाची तार लावतात. विजेच्या मोटारीतही बॅटरी निववण्यासाठी बहुधा कूलंट फिरतच असते. परंतु संगणक तापमान चढले एवढे सांगतो. पाणी कोणत्या वाटेने गेले ते पुष्कळदा माणसालाच पाहावे लागते. नळी दाबून आणि प्लग पाहून निदान करणारे आपले जुने उस्ताद आता थकत चालले आहेत. त्यांच्या हातातली विद्या कोणत्याही अभ्यासक्रमात पुरती उतरलेली नाही. शहरातील वाचनालयांनी आणि तंत्रशाळांनी त्यांना बोलवावे, त्यांच्याकडून एखादे जुने इंजिन मुलांसमोर उघडून घ्यावे, ते काय बोलतात ते लिहून ठेवावे. आणि आपल्यापैकी कोणाची गाडी उद्या रस्त्यात तापली, तर ती निवेपर्यंत झाकणाला हात लावू नये, आणि ड्रायव्हरलाही दोष लावू नये. तेवढ्या अर्ध्या तासात गाडीखाली वाकून पाहावे.